ओटल्यावरची चोरी रुपयांत मोजू नका

बाबांच्या कानाच्या यंत्राचे सेल आणि साखर तपासायच्या पट्ट्या. 2,340 रुपयांचं पार्सल. मागच्या मंगळवारी भरदुपारी आमच्या सुदामानगरच्या घराच्या ओटल्यावरून ते गेलं. मी कामावर होते, बाबा घरातच होते. पण जुने सेल संपल्यामुळे यंत्र काढून ठेवलेलं, बेल ऐकूच आली नाही. नवे सेल येईपर्यंत चार दिवस बाबा गप्प बसून होते. समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं की म्हातारं माणूस कसं मिटून जातं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आधी मी डिलिव्हरीच्या मुलालाच फोनवर झापलं. ‘आंटीजी, फोटो डाला है, देख लीजिए,’ एवढंच तो म्हणत राहिला. संध्याकाळी समोरच्या काकूंच्या कॅमेऱ्यात सगळं दिसलं. त्याने पार्सल ठेवलं, तो गेला. अकरा मिनिटांनी हेल्मेट घातलेला एक जण स्कूटर चालूच ठेवून उतरला आणि आमचं खोकं त्याने पिशवीत टाकलं. त्या पिशवीत आधीच दोन-तीन खोकी होती. मी त्या मुलाला पुन्हा फोन करून माफी मागितली. तोपर्यंत ‘पैसे कापू’ असा मेसेज त्याला येऊन गेला होता. पार्सलमागे मोजून पैसे मिळतात त्याला. माझी चोरी झाली, पण पहिला आरोपी तो ठरला, आणि ते मीच केलं. हे मला अजून लागून राहिलंय.

थान्यात व्हिडिओ दाखवला. ‘पाँच हज़ार से कम का है, अदम चेक कटेगा.’ म्हणजे गुन्हा दाखल होणार नाही, नुसती अदखलपात्र नोंद होऊन तिची पावती मिळेल. हवालदार अदबीने बोलला, त्याला मी दोष देत नाही. कायदाच तसा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत चोरी शंभर रुपयांची असली तरी दखलपात्र होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि 5,000 रुपयांच्या आतली चोरी साधारणपणे अदखलपात्र झाली. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. हो, घरातल्या चोरीला कलम 305 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ओटला ‘घरात’ धरायचा की नाही, यावर वकील वाद घालत बसतील आणि थान्यात मात्र पावती अदम चेकचीच फाटेल.

अशा चोरीची शिक्षा कडक करा, असं माझं म्हणणं आहे. पण कोणाला दहा वर्षं आत टाका असं मी म्हणत नाही. पहिल्यांदा चुकलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यायची, ही नव्या कायद्यातली तरतूद मला मनापासून पटते. भुकेपोटी एखादी वस्तू उचललेल्या पोराचं आयुष्य जेलमध्ये नासवू नये. पण स्कूटर घेऊन गल्लोगल्ली फिरणारा तो माणूस वेगळा आहे. प्रत्येक घरातून आठशे, हजार, दोन हजारांचं उचललं की प्रत्येक घराची चोरी पाच हजारांच्या आतच राहते. दहा घरं लुटली तरी कागदावर दहा किरकोळ प्रकरणं.

अमेरिकेत टेक्सास राज्याने 2019 साली टपाल आणि पार्सल चोरीसाठी कायदा केला. त्यात शिक्षेच्या पायऱ्या मालाच्या किमतीवर नाहीत, किती जणांचं टपाल चोरलं त्यावर आहेत. दहापेक्षा कमी असतील तर एक पायरी, दहा झाले की दुसरी, तीस झाले की आणखी वरची. मला हे फार योग्य वाटतं. आपल्याकडेही घरं मोजा, रुपये नका मोजू. आणि दारातून उचललेलं पार्सल, मग ते कितीचंही असो, दखलपात्र करा. ओटीपी मागतात तो महागड्या मोबाइलला. औषधं अशीच दारात ठेवून जातात.

आमच्या गल्लीत विचारलं तर दिवाळीपासून सहा घरांतून पार्सलं गेलीत. चौघांनी तक्रारच केली नाही. ‘काय होणार आहे?’ म्हणाले. कृपा करून असं करू नका, अदम चेक तरी घ्याच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे जायलाच हवा. नोंदच नसेल तर त्यांच्यासमोर जाणार काय?

रविवारी सकाळी दहाला आमच्या ओटल्यावर या. पावती असेल तर पावती, नसेल तर ऑर्डरचं बिल आणि डिलिव्हरीचा फोटो आणा. काकूंचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. तपासाच्या आदेशासाठी सगळ्यांचे अर्ज एकत्र करून सोमवारी कोर्टात देऊ.