एका पाहुण्यामागे अख्खं वऱ्हाड

भुसावळचं ४५ डिग्रीचं ऊन, ४ जीबीचा म्हातारा लॅपटॉप. पंखा आधीच धापा टाकतोय आणि मागे ट्रॅकर, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमसोबत न मागता आलेला फाईल-शोधक, माझ्या फाईली चाळत बसलाय. कुणी सांगितलं होतं? माझी फाईल कुठे आहे ते मला ठाऊक आहे, भो!

लिनक्स घेतलं ते कुणी डोकावू नये म्हणून. मग हे जिओक्लू इथे काय करतंय? म्हणे आजूबाजूच्या वायफायवरून ठिकाण ओळखतं. ज्या मोझिलाच्या सेवेला ते विचारायचं ती २०२४ मध्ये बंद पडली, तरी हे ठाण मांडून.

काल इव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर काढायला गेलो, म्हणजे मेल-कॅलेंडरचा डेटा सांभाळणारा प्रोग्राम. त्याचं मेल मी वापरत नाही, कॅलेंडर तर घरात महालक्ष्मीचं टांगलंय. प्रोग्राम टाकणारं-काढणारं ॲप्ट विचारतं, सोबत डेस्कटॉपचं शेल, म्हणजे समोर दिसणारा अख्खा डेस्कटॉपही काढू? वाय की एन? अरे, शेतात भरीत खायला एकाला बोलावलं, तो वऱ्हाड घेऊन आला. आणि आता जा म्हटलं तर चूलसुद्धा उचलून नेतो!

एन दाबलं. करतो काय.

ट्रॅकर तेवढा मास्क केला होता, म्हणजे सुरूच होऊ नये असा बंद. अपडेटनंतर बघतो तर पठ्ठ्या 'लोकलसर्च' असं नाव बदलून पुन्हा हजर.