वाक्याखाली नाव लिहा, प्रसंगही लिहा

आवडलेली वाक्ये फोनमध्ये न साठवता वहीत उतरवावीत, असे इथल्या एका लेखात लेखिकेचे म्हणणे. पटले, पण अर्धेच. वही की फोन, यापेक्षा वाक्य खरोखर कुणाचे हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या बडोद्यात तर सयाजीराव महाराजांच्या नावावर काहीही खपते! रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट सुविचार येतो, खाली महाराजांचे नाव. कुठल्या भाषणातला, कधीचा, असे विचारले की सगळे चिडीचूप. वास्तविक महाराजांची भाषणे छापलेली आहेत. ज्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले, पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी पाठवली, त्यांच्या नावावर तरी न वाचता काही ढकलू नये. मांडवीची सेंट्रल लायब्ररी काही फार लांब नाही.

बाकी माझ्या वहीत थोरामोठ्यांपेक्षा घरचीच माणसे जास्त. दांडिया बाजारातल्या आमच्या आत्या भाजीवालीशी घासाघीस अस्सल मराठीत सुरू करायच्या आणि भाव उतरला की आमच्याकडे वळून 'बोले तेनां बोर वेचाय' (जो बोलेल त्याची बोरे खपतात) ही गुजराती म्हण म्हणून मोकळ्या व्हायच्या. ते मी भेंडीच्या भावासकट लिहून ठेवले आहे. (भाव आता वाचवत नाही.) नुसती म्हण कुठल्याही पुस्तकात सापडते, आत्या सापडत नाहीत.

बडोद्याच्या मराठी घरांतल्या अशा गुजराती-मिश्रित बोलण्याचा संग्रह कुणी केला असल्यास कृपया इथे कळवावे.