पोलीस ठाण्यात जाताय? मोटर आधी भंगारात काढा

शेतकरी बंधूंनो, विहिरीवरची मोटर चोरीला गेली असेल तर प्रथम अभिनंदन. चोराच्या नजरेत भरावं असं काहीतरी आपल्याकडे अजून शिल्लक होतं म्हणायचं. माझी गेल्या महिन्यात गेली. रात्री लाईन आली म्हणून बॅटरी घेऊन पाणी सोडायला गेलो, तर पाईप करवतीनं कापलेला आणि दोर तेवढा काठावर नीट गुंडाळून ठेवलेला. त्यानंतर तीनदा ठाण्यात जाऊन आलो. तेव्हा हा सल्ला अनुभवाचा आहे, आणि फुकट आहे.

सकाळी जाऊ नका, साहेब राऊंडवर असतात. दुपारी जेवणं चालू असतात. संध्याकाळी बंदोबस्त असतो. बाकी ठाणं आपलंच आहे, केव्हाही जा.

कोरे कागद, पेन आणि आधारची झेरॉक्स घरून न्या.

चुकूनही 'एफआयआर' म्हणू नका. 'अर्ज' म्हणा, म्हणजे वातावरण प्रसन्न राहतं. अर्ज चौकशीवर ठेवता येतो, आणि चौकशीवर ठेवलेला अर्ज लोणच्यासारखा वर्षानुवर्षं टिकतो. दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी कोणाच्या हुकुमाशिवाय तपासायच्या गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगून ठेवलं आहे. असेल. दिल्ली कुठं, आपलं ठाणं कुठं!

आपली विहीर नाल्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी बघून घ्या. नव्या कायद्यात हद्द न बघता झिरो नंबरनं गुन्हा घ्यायचा आहे म्हणे. नाल्याला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आता किमतीचं. हे नीट ऐका, कारण मी इथंच फसलो. माझी मोटर पाच एचपीची, दोन वर्षांपूर्वी २८,००० रुपयांना घेतलेली. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. जमादारांनी ती उलटीसुलटी करून बघितली, परत पिशवीत घातली आणि लिहिलं, 'एक जुनी वापरती मोटर, अंदाजे किंमत ४,५०० रुपये.' मी म्हटलं, "साहेब, अठ्ठावीस हजाराची आहे जी." तर म्हणतात, "जुनी झाली न भाऊ ते. आता कोण घेते तिले अठ्ठावीस हजाराले? कायले लचांड मागं लावून घेता?" बाजूचा शिपाई हसला. केबलचा तर विषयच निघाला नाही.

पण ४,५०० च का? सहा हजार का नाही? घरी येऊन वकिली करणाऱ्या भाच्याला फोन लावला तेव्हा उजेड पडला. १ जुलै २०२४ पासून जे नवे कायदे लागू झाले, त्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे एनसी. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांनी तपास करायचाच नाही! पंचनामा नको, भंगारवाल्याकडे चक्कर नको, आणि ठाण्याच्या रेकॉर्डवर चोऱ्याही वाढत नाहीत. चोरांनी निदान अंधारात विहिरीत उतरून घाम तरी गाळला असेल. इथं पंख्याखाली बसून पेनाच्या एका रेघेत साडेतेवीस हजार उडवले, तेही माझ्याच पेनानं.

मोबाईल खिशातच राहू द्या.

म्हाताऱ्या वडिलांना जबाबाला बोलावलं तर बिनबोभाट पाठवा. साठीच्या वरच्या साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनीच घरी यायचं, असं कलम आहे. आमचे बाबा बहात्तर वर्षांचे. चार तास बाकावर बसून आले आणि मलाच समजावतात, "चहा पाजला न बापा त्याईनं."

जाऊ द्या, हा उपरोध माझ्याच्यानं होत नाही आता. जमादार साहेब, तुमच्याही घरी पाच एकर आहे, तुम्हीच सांगत होता. हरभरा फुलावर असताना मोटर गेली म्हणजे काय जातं, हे मी तुम्हाला सांगायचं? माहीत असून ४,५०० लिहिलंत. लाज वाटायला पाहिजे. ती पावती तुमच्या हातात होती.

आणि आपण तरी काय! माझ्याआधी आमच्याच शिवारात चौघांच्या मोटरी गेल्या. चौघांनी एनसीवर सही केली, आणि एकानंही कोणाला सांगितलं नाही. मी तर वाचून सही केली. बी.ए. झालेला माणूस मी! "पावतीप्रमाणे किंमत लिहा, नाहीतर सही करत नाही" एवढं वाक्य तोंडातून फुटलं नाही. टपरीवर बसलो की ठाणेदाराची बदली गडचिरोलीला करतो, आणि ठाण्यात गेलो की चप्पल बाहेर काढून आत जातो. कोणी सांगितलं होतं चप्पल काढायला?

परवा पावतीची झेरॉक्स जोडून एसपींना लेखी तक्रार पाठवली. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर पोस्टानं तशी पाठवता येते, त्याच नव्या कायद्यांतल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलं आहे. स्पीड पोस्ट करताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आत काही किमती वस्तू आहे का?

म्हटलं, पाच हजारांच्या आतली आहे.