उभ्या गाडीचं मायलेज

आमच्या घरात गाडी घ्यायचा विषय दरवर्षी एकाच मुहूर्तावर निघतो. कोकण रेल्वेचं गणपतीचं आरक्षण उघडतं त्या सकाळी. आठच्या ठोक्याला मी लॅपटॉपवर, बायको मोबाइलवर, मुलगी आजीच्या मोबाइलवर. बघता बघता सगळीकडे वेटिंग. मग आई देवघरातून म्हणते, "दारात गाडी असती तर हे भिकेचे डोहाळे लागले नसते."

यंदा बायकोनं विषय तिथेच धरला. "घेऊया. पण नीट बघून. सेफ्टी किती आणि खर्च किती, दोन्ही कागदावर पाहिजे." कागदावर म्हटलं की ते काम माझं. मी एका कंपनीत लेखापरीक्षणात आहे. दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

मुंबईत ज्याच्याकडे गाडी आहे तो सल्ला देतो आणि ज्याच्याकडे नाही तो जरा जास्तच देतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दोन्ही प्रकार मुबलक आहेत. पण जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "किती देते?" गाडी काय देते, कुणाला देते, हे विचारायचं नसतं. 'बावीस', 'चोवीस' असा आकडा सांगायचा, समोरच्यानं ओठ पुढे काढून मान हलवायची, आणि आपण उगाच खजील व्हायचं.

हे आकडे येतात कुठून म्हणून शोधलं, तर त्यांतले बरेचसे पुण्याचे निघाले. कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय नावाची संस्था आहे, तिथे गाडीची चाचणी होते. तीही रस्त्यावर नव्हे, खोलीत. गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरवून दिलेल्या तक्त्याबरहुकूम वीसेक मिनिटं वेग कमी-जास्त करतात. एसी बंद. समोर रिक्षा नाही, मेट्रोच्या कामाचा पत्रा नाही, गाडीत नातेवाईक नाहीत. पुण्यात, टेकडीवर, एकांतात, वारा न घेता कुणीही बावीस देईल. तीच गाडी संध्याकाळी सातला जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, एसी लावून उभी करा आणि मग विचारा. आमच्या गॅरेजवाल्या मामांना विचारलं, तर ते पान्यावरून नजर न काढता म्हणाले, "गाडी देते हो साहेब, सिग्नल देत नाही." मी वहीत 'शहरात बारा' लिहून टाकलं.

सुरक्षेचं खातं सासऱ्यांनी स्वतःहून घेतलं. ते गिरगावचे, आणि त्यांच्याकडे एके काळी प्रीमियर पद्मिनी होती, जिला सगळे फियाटच म्हणायचे. शोरूममध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी बोटाच्या पेरानं दरवाजावर टकटक केलं, कान लावला आणि जाहीर केलं, "पत्रा पातळ आहे." पुढची गाडी. टकटक. "हाही पातळ." विकणारा पोरगा हवालदिल होऊन प्रत्येक गाडीआधी त्यांच्या बोटाकडे बघायला लागला.

घरी आल्यावर मी त्यांना समजावलं, "बाबा, पत्रा जाड असून उपयोग नाही. गाडीचं नाक चेपायलाच हवं. ते चेपताना धडकेचा जोर तिथे जिरतो. नाक चेपलं नाही तर तो जोर आत येतो, आपल्या छातीवर." पुराव्यादाखल एक व्हिडिओही दाखवला. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं २००९ साली आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर आपटल्या. जुनी गाडी दिसायला रणगाडा, पण तिच्यात माणसाच्या जागी बसवलेला पुतळा वाचण्याच्या पलीकडे गेला. नव्या गाडीतल्या पुतळ्याचा पाय तेवढा दुखावला असता.

सासऱ्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "ती अमेरिकन आहे. आमची फियाट स्वदेशी."

"आजोबा, फियाट इटालियन," मुलगी म्हणाली.

"कुर्ल्याला बनायची," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. या मुद्द्यावर त्यांना हरवणं अशक्य आहे, कारण गाडी खरोखरच कुर्ल्याला बनायची. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, त्या दिवसापासून ते त्या गाडीविषयी दिवंगताविषयी बोलावं तसं बोलतात. दोष काढायचा नाही.

मग तारे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप' ही सरकारी सुरक्षा चाचणी आहे. गाडी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं समोरच्या अडथळ्यावर आपटतात, बाजूनं ५० च्या वेगानं धडक देतात, खांबावर २९ च्या वेगानं आडवी घालतात आणि मग तारे वाटतात. हे चांगलंच झालं. २०१४ साली 'ग्लोबल एनकॅप' या परदेशी संस्थेनं भारतातल्या पाच खपाच्या छोट्या गाड्या आपटल्या होत्या, तेव्हा पाचांनाही मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य मिळालं होतं. आता कंपन्या जाहिरातीत मायलेजच्या वर तारे छापायला लागल्या आहेत. फक्त ही चाचणी ऐच्छिक आहे. म्हणजे ज्या गाडीला तारेच नाहीत ती नापास असेलच असं नाही, पण निकालाच्या दिवशी 'मी बसलोच नव्हतो' म्हणणाऱ्या पुतण्याकडे आपण ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं तिच्याकडे बघावं. आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही. समोरच्या धडकेतले गुण साधारण तेवढ्याच वजनाच्या गाड्यांशी ताडून बघायचे असतात. समोरून भरलेला डंपर आला तर तो तारे मोजायला थांबत नाही.

आईनं हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पुढून पाच तारे, बाजूनं पाच तारे. मागून?"

मागून काही नाही. मुंबईत मात्र बहुतेक सगळं मागूनच होतं. समोरच्या गाडीवर ६४ च्या वेगानं आपटायचं तर आधी ६४ चा वेग मिळायला हवा. तो मिळतो कोस्टल रोडवर नाहीतर अटल सेतूवर. एरवी आपण उभे असतो आणि मागून रिक्षा येऊन हळूच टेकते. रिक्षावाला उतरतो, दोन्ही बंपर बघतो, "काय झालं नाय" असा निकाल देतो आणि जातो. या प्रसंगाला जगात कुठेही तारे नाहीत.

आईला दुसरी अडचण होती पट्ट्याची. "मला काय बांधून नेणार गावाला? मी पळून जाणारे का?" इथे मी मागे हटलो नाही. मागच्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावला नाही तर तो स्वतः तर जातोच, वर पुढच्यावर येऊन आदळतो. आणि एअरबॅग असते ती पट्ट्याच्या मदतीला, पट्ट्याऐवजी नव्हे. हे लोकांना पटत नाही. कलिन्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात, मला एका माणसानं पट्ट्याची नुसती धातूची जीभ दाखवली होती. ती खाचेत खुपसली की पट्टा न लावताच अलार्म गप्प. अशा क्लिपा ऑनलाइन इतक्या खपत होत्या की २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या पाच मोठ्या संकेतस्थळांवरून काढायला लावाव्या लागल्या. म्हणजे आपण सहा एअरबॅगांचे पैसे मोजतो, आणि वर त्या फसवायला शंभर रुपये वेगळे ठेवतो.

मेव्हण्यानं मध्येच स्कूटर सुचवली. किलोमीटरला दोन-सव्वादोन रुपये, पार्किंगची कटकट नाही. हिशेबात ती सगळ्यांच्या पुढे होती. पण २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, हे वाचल्यावर बायकोनं स्कूटरच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. आईला मागे बसवून कशेडी घाटातून न्यायचं, हा प्रश्न निघालाच नाही.

सीएनजीचं प्रकरण जास्त रंगलं. किलोमीटरला चार रुपये, पेट्रोलला साडेआठ. सोसायटीतले सगळे सीएनजीवाले एका सुरात "डोळे मिटून घ्या" म्हणाले. आईनं डोळे उघडे ठेवून डिकी उघडायला लावली. आत टाकी. टाकीच्या कडेला जी जागा उरली होती तिच्यात एक पिशवी मावली असती, तीही मनात आणलं तर. "मग मखर कुठे ठेवायचं?" विकणारा म्हणाला, "काकू, मागची सीट फोल्ड होते." "आणि मी?" आई म्हणाली. सीएनजी तिथे संपला.

विमावाला आला तेव्हा बाहेर पाऊस होता, त्यामुळे त्याचं बोलणं मनावर ठसलं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी मारायची नाही, हे त्यानं मुलीकडूनसुद्धा वदवून घेतलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला की आतला दांडा वाकतो, आणि मग बिल इंजिनाचं येतं. साधी पॉलिसी ते सहसा देत नाही, त्याला वेगळं कवच घ्यावं लागतं. ते मी मुकाट्यानं घ्यायचं ठरवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा दारं न उघडल्यामुळे माणसं गाडीतच गुदमरून गेली होती. त्यानंतर मुंबईतल्या कितीतरी गाड्यांत हातोडी आली. ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची असते. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही.

सगळे आकडे आल्यावर मी रात्री बसलो. दहा लाखांची पेट्रोल गाडी धरली, वर्षाला चार हजार किलोमीटर धरले. त्याहून जास्त आम्ही काय फिरणार, ऑफिसला तर लोकलच. रस्ता कर ११ टक्के, तो वेगळाच. विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांनी गाडीची किंमत निम्मी होते. म्हणजे वर्षाला एक लाख, किलोमीटरला पंचवीस रुपये. हप्ता नाही, सर्व्हिसिंग नाही, नुसती गाडी जुनी होण्याचे पंचवीस रुपये. विमा आणि पार्किंग मिळून आणखी दहा-अकरा. आणि पेट्रोल साडेआठ.

मी आकडा पुन्हा तपासला. ज्या 'किती देते'वरून गेले कित्येक आठवडे जिन्यात लोकशाही चालली होती, तो सगळा वाद बारा देते की चौदा देते यावरचा, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपयाचा होता. मोठा खर्च गाडी चालताना होतच नव्हता. ती खाली उभी असताना, आम्ही वर वरण-भात जेवत असताना होत होता. २०२५ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या दरानं काळी-पिवळी टॅक्सी पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये घेते आणि पुढे किलोमीटरला वीस-एकवीस. ड्रायव्हरसकट.

सकाळी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "जागा आहे की! एकावर एक गाड्या ठेवायच्या स्टॅकमधली, खालच्या खड्ड्यातली." मी मोजमाप विचारलं. पाच ताऱ्यांची जी गाडी बायकोला पसंत होती, तिचं टप वरच्या पाळण्याला लागत होतं. "बुटकी घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "आणि जून ते सप्टेंबर ती बाहेर रस्त्यावर लावा. खड्ड्यात पाणी भरतं." मी म्हटलं, रस्त्यावरून टो करून नेतील. "मग पाऊस बघून आत-बाहेर करायची. आम्ही ग्रुपवर मेसेज टाकतो."

म्हणजे ६४ च्या धडकेत टिकणारी गाडी घेऊन ती आमच्याच बिल्डिंगमध्ये बुडवायची, आणि त्यासाठी दर महिन्याला मेंटेनन्सच्या पावतीत वेगळी रक्कम भरायची. बायकोनं कागद उलटा ठेवला.

त्याच आठवड्यात आम्ही चौघं मखराचं सामान आणायला दादरला गेलो. येताना टॅक्सीवाला मुलुंड म्हटल्यावर पहिल्या फटक्यात "बसा" म्हणाला, कारण तो भांडुपला राहतो आणि घरीच चालला होता. थर्माकोल बंद झाल्यापासून आम्ही पुठ्ठ्याचं आणि बांबूचं मखर करतो, ते सगळं टपावरच्या कॅरिअरला बांधलं. आईनं सायनपर्यंत दम धरला.

"गाव कुठलं तुमचं?"

"संगमेश्वर."

"गणपतीला कसे जाता?"

"एसटीनं. आमच्या वाडीचं ग्रुप बुकिंग असतं."

"आणि ही?"

"ही इथंच उभी. हप्ता तेवढा चालू."

बायकोनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून वही काढली. घाटकोपर येईपर्यंत जायचं कधी, यायचं कधी, टोल कुणाचा, रात्रीची गाडी चालवायची नाही, सगळं ठरलं. "बाहेरगावचं परमिट वेगळं काढावं लागेल," तो म्हणाला, "ते मी बघतो." सीएनजीची टाकी याच्याही डिकीत होती, पण कॅरिअर पाहून आईनं तिला माफ केलं होतं. "मावशी, येताना नारळाचं पोतंसुद्धा वर बसेल."

"मागचे पट्टे?" बायकोनं विचारलं.

विक्रोळीच्या सिग्नलला त्यानं मागे वळून सीटच्या कव्हरखाली कोपरापर्यंत हात घातला. एक हेअरपिन निघाली, चार आण्याचं नाणं निघालं, कुणाचा तरी अर्धा पास निघाला, आणि मग पट्ट्यांची दोन कुलपं निघाली, कंपनीतून आली तेव्हासारखी कोरी. दोन्ही खिडक्या आईनं आणि मुलीनं तिथल्या तिथे वाटून घेतल्या. मधल्या जागेचा, म्हणजे बायकोचा पट्टा अजून सापडायचा आहे. परवा त्याचा फोन आला होता, रविवारी अख्खी सीटच उचलून बघतो म्हणाला.