पक्का रंग, कच्ची रंगारीण

दुकानाच्या काचेतला ड्रेस पाहून ‘हा तर मी घरी शिवीन’ असे म्हणण्याची खोड आमच्या माहेरी पिढीजात आहे, आणि ती मला आईकडून शिलाई मशीनसकट मिळाली. या वेळचा ड्रेस तीन रंगांचा होता. वर गर्द निळा, कमरेशी पिवळा आणि खाली डाळिंबी. ईव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशनकाराने १९६५ साली माँद्रियानच्या चित्रांवरून असेच ठोकळ्याठोकळ्यांचे पोशाख केले होते, ते लेकीने फोनवर दाखवले. सगळ्या शिवणी सरळ आहेत, एवढेच मला त्यात दिसले.

तीन रंगांचे तयार कापड घ्यायला लक्ष्मी रोडवर गेले, तर निळे सतरंजीइतके जाड निघाले आणि डाळिंबी बोटांतून निसटण्याइतके सुळसुळीत. तेव्हा एकाच ताग्यातले पाच मीटर पांढरे केंब्रिक घेऊन ते घरीच रंगवावे, असा विचार मी केला आणि रविवार पेठेतून निळ्या आणि डाळिंबी रंगाच्या पुड्या आणल्या. पिवळ्याची पुडी आणायचे राहिले, ही पुढच्या सर्व प्रकरणाची नांदी होती.

थंड पाण्यात चढणाऱ्या या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचे तंत्र दुकानदाराने समजावून दिले होते. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलते आणि धुण्याचा सोडा त्याला तिथे कायमचा बसवतो. मात्र सोडा पडल्यावर रंग पाण्याशीही संधान बांधू लागतो, त्यामुळे उरलेला रंग उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नसतो. दहा लिटरच्या बादलीत मी अर्धा किलो खडेमीठ ओतू लागले, तेव्हा सासूबाई न्हाणीघराच्या दारात येऊन म्हणाल्या, “अगं, लोणचं घालतेस की काय?”

कापड तासभर सतत ढवळायचे असते. ‘सतत’ या शब्दाचा अर्थ मला गॅस सिलिंडरवाल्याने बेल वाजवली तेव्हा कळला. दार उघडून, पैसे देऊन, रिकामा सिलिंडर बाहेर सरकवून परत येईपर्यंत कापडाला बादलीत पीळ पडला होता, आणि पिळाच्या आत रंग पोचला नव्हता. उलगडून पाहिले तर गर्द निळ्याऐवजी आषाढातले आभाळ अंगावर आले. शिवाय एक हातमोजा अंगठ्याशी फाटका होता. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी माझी नखे पाहून, “ताई, पाचही बोटांनी मतदान केलंत का?” असे विचारले. कापडावर निम्मा चढलेला तो रंग बोटांवर मात्र पूर्ण पक्का बसला होता. पुढे खळबळून पाणी स्वच्छ निघेपर्यंत चौदा बादल्या लागल्या, आणि तोवर नळाचे पाणी गेले. डाळिंबीविषयी लिहिण्यासारखे काही नाही, कारण तो निमूटपणे चढला.

राहिला पिवळा. “त्याला पुडी कशाला? घरात हळद आहे की,” असे सासूबाईंनी सुचवले. मोठ्या पातेल्यात हळद उकळली, तिसरा तुकडा त्यात बुडवला आणि काय सुरेख पिवळा उतरला! इथे थांबायला हवे होते; पण दोन दिवसांच्या सवयीने माझा हात सोड्याच्या डब्याकडे गेला. मूठभर सोडा पडताच पातेले लालभडक झाले. माझी किंकाळी ऐकून आलेल्या सासूबाईंनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “हळदीला चुना लावला की कुंकू होतं, सोड्याने दुसरं काय होणार? लिंबू पिळ.” तुकडा काढून लिंबाच्या पाण्यात टाकला आणि तो खरोखर पुन्हा पिवळा झाला. रसायनशास्त्राचा पदवीधर असलेला माझा नवरा हे सर्व चहा पीत पाहत होता आणि शेवटी एवढेच म्हणाला, “मी सांगणारच होतो.”

शिवण सरळच होती. शिवणीसाठी कडेला जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ती मी अर्धाच इंच सोडली, कारण तोवर त्या कापडावर माझी तेवढीच उरली होती.

भाचीच्या केळवणाला ड्रेस घातला. आभाळी निळ्याला ‘काय छान शेड आहे!’ अशी दाद मिळाली आणि ती मी मान झुकवून स्वीकारली. मग पानावर बसण्याआधी साबणाने हात धुतले आणि फेसाचे चार शिंतोडे पोटावर उडाले. पिवळ्या पट्ट्यावर क्षणात चार लाल ठिपके उमटले. शेजारच्या पाटावरच्या मामी घाबरून, “अगं, लागलं की काय?” म्हणून उठू लागल्या. मी त्यांना बसवले, पानात डावीकडे वाढलेली लिंबाची फोड उचलली आणि शक्य तेवढ्या सहजपणे पोटावर चोळू लागले. तीन ठिपके गेले, तोच फोड संपली. सगळी पंगत हात आवरून माझ्याकडे पाहत होती. वाढायला आलेल्या विहीणबाई क्षणभर थांबल्या आणि मग अतिशय अदबीने म्हणाल्या, “आणखी एक फोड वाढू का?”