विटेने भागत असताना सेन्सर कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गॅरेजच्या भिंतीवर बसवायच्या, गाडी जवळ आली की लाल दिवा लावणाऱ्या घरगुती पार्किंग सेन्सरवर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं: चाकापुढे वीट ठेवली की काम भागतं, हल्ली गाडीतच सेन्सर येतो, आणि त्यातला एचसी-एसआर04 (आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर) हे खेळणं आहे, रीडिंग वाटेल तसं उड्या मारतं, नागपूरच्या उन्हात तर त्याच्यावर विसंबूच नये.

आधी विटेचं. वीट अडवते चाकाला, भिंतीवर आपटतो तो बंपर. चाकापासून बंपरच्या टोकापर्यंतचं अंतर गाडीगणिक बदलतं. आमच्या पोर्चमध्ये कधी हॅचबॅक लागते, कधी सेडान, आणि सेडान आत घेतली की मागचं फाटक लावायला जेमतेम वीतभर जागा उरते. एकीसाठी मापून ठेवलेली वीट दुसरीच्या कामाची नाही. तुमची गाडी एकच असेल आणि जागा ऐसपैस असेल, तर खुशाल वीट ठेवा.

गाडीतल्या सेन्सरचं म्हणाल, तर 1 जुलै 2019 पासून नव्या कारना सक्तीचे झाले ते मागचे. आम्ही गाडी तोंडाने आत घालतो, भिंत पुढे असते. त्याआधीच्या गाड्या रस्त्यावर अजून भरपूर आहेत, त्यातल्या अनेकींना तर तेही नाहीत.

आता उन्हाचा मुद्दा. तो रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडतो. 20 अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, 45 अंशांना साधारण 358. प्रोग्राममध्ये 343 धरलेत आणि गाडी खरोखर 30 सेंटिमीटरवर असेल, तर भर उन्हाळ्यात रीडिंग 28.7 च्या आसपास येईल. म्हणजे लाल दिवा सव्वा सेंटिमीटर आधी लागेल आणि गाडी भिंतीपासून तेवढीच लांब थांबेल. चूक आहे, पण सोयीच्या बाजूची.

उड्या मारणाऱ्या रीडिंगचं कारण बहुधा वेगळं आहे. हा सेन्सर 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. समोरचा पृष्ठभाग तिरका असला की आवाज परत न येता भलतीकडे जातो. हल्लीचे बंपर सगळे गोलसर, उतरते. सेन्सर कमरेच्या उंचीवर लावलात तर समोर बॉनेटचा उतार येतो आणि 62, 61, 187, 60, 61 असली रीडिंग मिळतात. तोच सेन्सर नंबरप्लेटच्या उंचीवर आणा. प्लेट सपाट, जवळजवळ उभी, आवाज सरळ परत येतो. शिवाय पाच रीडिंग घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधलं धरा. वरच्या पाचांत मधलं येतं 61, आणि ते 187 आपोआप बाद होतं. सरासरी काढू नका, सरासरीत ते 187 सगळा हिशेब बिघडवतं. दोन रीडिंगमध्ये 60 मिलिसेकंद तरी जाऊ द्या, नाहीतर आधीचाच प्रतिध्वनी पुढच्यात मोजला जातो.

लहान मूल मध्ये आलं तर काय, हेही तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर एकच: हे यंत्र त्यासाठी नाही. त्याचा झोत सुमारे 15 अंशांचा, कडेला उभं असलेलं मूल त्याला दिसत नाही. हिरवा दिवा म्हणजे "भिंत लांब आहे", "वाट मोकळी आहे" असा नाही. मूल घरात असेल तर गाडी आत घेताना मोठ्या माणसाने त्याचा हात धरून बाजूला उभं राहायचं. इथे मी कुठलीही तडजोड मानत नाही.

तुमचा सेन्सर ड्रॉवरमध्ये पडून आहे म्हणालात. तो टेबलावर ठेवून समोर पुठ्ठा सरळ धरा, रीडिंग बघा, मग पुठ्ठा हळूहळू तिरका करा. सरळ असताना आकडा स्थिर राहिला तर सेन्सर धडधाकट आहे. आणि ईएसपी32 ला (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडत असाल तर सेन्सरची इको पिन, म्हणजे प्रतिध्वनीचा वेळ कळवणारी पिन, थेट लावू नका. ती 5 व्होल्ट देते, बोर्डाला 3.3 च चालतात. सेन्सर आणि बोर्डाच्या पिनमध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर, बोर्डाच्या पिनपासून ग्राउंडला 2 किलोओहमचा, एवढं पुरतं.