'फ्री इन्स्टॉलेशन' म्हणे!

सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की दुकानांवर पाट्या झळकतात: एसीवर इन्स्टॉलेशन फ्री. आणि बसवायला आलेला पोरगा दारातच विचारतो, "दादा, बाहेरच्या युनिटचा स्टँड आणलाय का?"

बॉक्समधला तांब्याचा पाइप जेमतेम तीन मीटर. आमची बेडरूम पुढं, आउटडोअर युनिट ठेवायला जागा मागच्या बोळात. म्हणजे तीन मीटरच्या पुढचा पाइप मीटरवर विकत, आणि भाव त्याच्या तोंडात येईल तो! ड्रेनचा पाइप वेगळा. भिंतीला भोक पाडायचे वेगळे. गावभागातली जुनी जाड भिंत बघून तर त्याच्या चेहऱ्यावर हसूच फुटलं. मग वायरिंगकडं बघून मान हलवली: चार एमएमची वायर ओढा, स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) टाका. हे मात्र खरंच लागतं, दीड टनाच्या एसीला तिथं कंजुषी नको. पण पैसे घेताना दुकानात कुणी चकार शब्द काढला होता का?

सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला म्हणून आम्ही खूश. ती बचत गेली त्या भोकात! शिवाय जाताजाता पोरगा म्हणतो, "स्टॅबिलायझर पण घ्या हं, इथल्या व्होल्टेजचा काय भरवसा."